चुकलेला काळ

तिने फाइल तिसऱ्यांदा उघडली, तेच वाक्य तिसऱ्यांदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. केसपेपरवर मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'रुग्णाला डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा कर्करोग होता.'

होता म्हणजे काय? गेला? मग गोळ्या कसल्या चालू आहेत? ग्रंथी काढून वर्ष झालं होतं हे खरं, पण गोळ्या त्याच आजारावरच्या होत्या आणि मधेच थांबवून चालणार नव्हतं. हॉस्पिटलात आजारांना कोड लावायचं काम तिचं. आजार 'आहे' असेल तर एक कोड, 'होता' असेल तर दुसराच, जुन्या आजाराचा. त्या कोडवर गोळ्यांना विम्याची मंजुरी मिळत नाही. वर्षाची मंजुरी संपत आली होती आणि पेशंटकडे शुक्रवारपुरत्याच गोळ्या उरल्या होत्या.

डॉक्टर लिहितील तेच धरायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, हा कामाचा पहिला नियम. म्हणून तिने दोनदा चिठ्ठी पाठवली होती. पहिलीवर उत्तर आलं, 'बघतो.' दुसरीवर, 'तुम्हाला कळतंय ना, मग लावा.' कळून काय उपयोग, डोंबल! एवढा शिकलेला माणूस, आणि एक क्रियापद धड लिहिता येऊ नये?

शेवटी फाइल काखेत मारून ती तीन जिने चढली. डॉक्टरांसमोर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. फाइल पाहताच डॉक्टर म्हणाले, नंतर या. हे 'नंतर' तिने आठवडाभर ऐकलं होतं.

"होता की आहे, एवढंच सांगा, डॉक्टर. शुक्रवारी गोळ्या संपतायत यांच्या."

डॉक्टरांनी समोरच्या बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. या दर खेपेला केसपेपर मागून घेतात, वाचतात, असं ते हळू आवाजात म्हणाले. फाइल कोणाची, हे तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी शांतपणे हात पुढे केला, फाइल घेतली आणि चष्मा लावला.

"चौतीस वर्षं व्याकरण शिकवलंय मी. ही चूक पहिल्याच दिवशी दिसली होती."

"मग बोलला का नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हटलं, तुम्हाला तसं लिहून बरं वाटत असेल."

डॉक्टरांनी पेन काढलं, 'होता'वर रेघ मारली आणि हात तिथेच थांबला. बाईंनी मुलाच्या वहीवर ठेवावं तसं त्या ओळीखाली बोट ठेवलं.

"आहे," त्यांनी सांगितलं. "वर्तमानकाळ."

डॉक्टरांनी लिहिलं, शेजारी सही केली आणि फाइल तिच्याकडे सरकवली. आठवडाभर तिला हेच हवं होतं, पण आता ती फाइल उचलायला तिचा हात पुढे होईना. बाईंनीच ती उचलून तिच्या हातात दिली.

"शुक्रवारच्या आत होईल ना हो काम?"

"होईल," ती म्हणाली.

"भविष्यकाळ," चष्मा काढत बाई म्हणाल्या. "चालेल."