बाथरूमचा झरोका

प्लंबरने मीटरच्या काचेवर टॉर्च धरला आणि दुसऱ्या हाताने तिला थांबायची खूण केली.

"ताई, घरातले सगळे नळ बंद आहेत ना?"

"आहेत. मी स्वतः बघून आले."

"मग ही चकती का फिरतेय?"

ती वाकली. काचेखालची लाल चकती संथपणे, न थांबता फिरत होती. भिंतीला ओल येते म्हणून तिनेच आज त्याला घरभरचं नळकाम तपासायला बोलावलं होतं. आल्याआल्या त्याने कामाचा क्रम सांगितला होता. आधी टाकी, मग नळ आणि सांधे. त्यानंतर अर्धा तास घरात कोणी पाण्याला हात लावायचा नाही. तेवढ्यात मीटर हललं तर भिंतीत कुठेतरी पाणी मुरतंय असं समजायचं. गिझर शेवटी. पन्नाशीचा, बेताचं बोलणारा माणूस. बूट दाराबाहेर काढून आत आला होता.

"गळती एवढी जोरात नसते," तो म्हणाला. "कोणीतरी नळ सोडलाय."

"बिट्टी! दुसरं कोण?" ती वैतागली. "क्लासला जायचंय म्हणून अंघोळीला शिरली असणार. दहा वेळा बजावलं होतं. या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडून द्यायचं."

जिना चढून ती वर आली आणि बाथरूमच्या दारावर थाप मारली. आत बादली भरून वाहत होती.

"बिट्टी, पाणी बंद कर. काकांचं काम खोळंबलंय."

उत्तर आलं नाही.

"पंधरा वर्षांची घोडी झालीस, जरा तरी—"

एवढं बोलून ती थांबली. लेक उलट उत्तर दिल्याशिवाय राहणाऱ्यांतली नव्हती. तिने दाराला कान लावला. नळाखाली कोणी वावरत असलं की पाण्याचा आवाज मध्येमध्ये तुटतो. हा तुटत नव्हता.

"बिट्टी? बिट्टी, दार उघड!"

तिच्या ओरडण्याने प्लंबर धावत वर आला. त्याची नजर दारावरून वर, भिंतीतून आत गेलेल्या गॅसच्या नळीकडे गेली.

"गिझर गॅसचा आहे? आत बसवलाय?"

"हो."

"आत झरोका आहे ना? उघडा आहे?"

तिने नकारार्थी मान हलवली. बाहेरच्या खोलीतून सासरे पेपर हातात घेऊनच आले होते. प्लंबर त्यांच्याकडे वळला.

"काका, सिलिंडर बंद करा. आधी ते. पळा!"

सासरे स्वयंपाकघराकडे धावले. प्लंबरने पिशवीतली पहार काढून दाराच्या फटीत खुपसली आणि खांदा लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतली कडी स्क्रूसकट उखडली. दार उघडताच त्याने मान फिरवली.

"तुम्ही जा. श्वास रोखून जा. बाहेर ओढा तिला."

वाफेत काही दिसत नव्हतं. तिच्या पायालाच लेक लागली. भिंतीला टेकून बसल्यासारखी होती, मान छातीवर लुळी. काखेत हात घालून ओढताना ओलं अंग हातातून निसटत होतं. तिला बिट्टी दिसत नव्हती. गेल्या हिवाळ्यातल्या सासूबाई दिसत होत्या, याच जागी, अशाच. हृदयविकाराचा झटका, असं डॉक्टर म्हणाले होते. एकाहत्तर वर्षांचं वय, पुढे कोणी काही विचारलं नव्हतं.

सासऱ्यांनी चादर आणली. चादरीत गुंडाळून तिघांनी बिट्टीला गॅलरीत नेलं. प्लंबरने तिच्या नाकाशी हात धरला.

"श्वास आहे. तोंडावर वारा लागू द्या. हाका मारत राहा."

ती हाका मारत राहिली. किती वेळ, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. अखेर पोरगी कण्हली, कुशीवर वळून भडाभडा ओकली.

"आई, डोकं... फुटतंय."

तिने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं.

प्लंबरने फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली होती. "शुद्धीवर आली तरी दवाखान्यात न्यायचंच," तो म्हणाला. "कोंडलेल्या जागेत गिझर पेटला की विषारी वायू होतो, तो रक्तात भिनतो. दिसत नाही, वास नाही." मग तो तोंडाला रुमाल बांधून आत गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात झरोक्याच्या मापाचा पुठ्ठा होता.

पुठ्ठ्याच्या चारी कडांना काळी कापडी पट्टी होती, कोपरे नीट मुडपलेले. सासऱ्यांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती. ओल्या केसांवर गार वारा येतो, असं सासूबाई एका सकाळी म्हणाल्या आणि त्याच दुपारी सासऱ्यांनी माप घेऊन हा पुठ्ठा कापला होता. तिने स्टूल धरलं होतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी सासूबाई गेल्या. या दोन गोष्टी एका वाक्यात घरात कोणीच कधी बोललं नव्हतं.

"हा कोणी लावला?" प्लंबरने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"मी," ती म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पुठ्ठा प्लंबरच्या हातातून घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. तिला वाटलं, हा माणूस आता उभ्या उभ्या कोसळणार. एकीचं डोकं मांडीवर होतं, दुसऱ्याला धरायला हात नव्हता.

"एक विचारू?" सासरे प्लंबरला म्हणाले. "आत जो असतो, त्याला कळतं का?"

प्लंबरने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे.

"नाही, काका. गुंगी येते. झोप लागल्यासारखं होतं."

"घाबरायला होत नाही?"

"नाही."

सासऱ्यांनी मान हलवली. पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला.

खाली ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला. "तुम्ही निघा," प्लंबर म्हणाला. "मी गिझर उतरवतो. कोणी परत येईपर्यंत इथेच थांबतो."

बिट्टीला स्ट्रेचरवर घेतलं तरी सासरे जागचे हलले नव्हते. त्यांना या घरात सोडून जायचं तिच्या जिवावर आलं.

"बाबा, तुम्हीही चला. मला एकटीला जमायचं नाही."

ते अनवाणीच जिना उतरले.

गाडीत बिट्टीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिचा हात आजोबांच्या हातात होता आणि तिचे डोळे मिटले की ते तिला हाक मारत होते.

"आजोबा," ती मास्कमधून पुटपुटली, "दर मिनिटाला काय... आहे मी अजून."

"आहेस ना? मग झालं तर."

गाडी सिग्नलला थांबली. सासरे खिडकीच्या धुरकट काचेकडे बघत म्हणाले,

"पुठ्ठा मी लावला होता."

"स्टूल मी धरलं होतं, बाबा."

"स्टूल धरणं वेगळं."

 तिला बोलण्याची भीती वाटत होती, न बोलण्याचीही वाटत होती. तेवढ्यात तिच्या मुठीतला फोन थरथरला. निघताना तिने नवऱ्याला दोन शब्दांचा निरोप धाडला होता. त्याचाच फोन होता. सासऱ्यांनी पडद्यावरचं मुलाचं नाव वाचलं.

"बिट्टी ठीक आहे, हे आधी सांग त्याला," ते म्हणाले. मग बिट्टीच्या हातातून आपला हात हळूच सोडवून त्यांनी पुढे केला. "नंतर माझ्याकडे दे."