बाभळीच्या मुठीची सुरी

रामप्रसाद अंबाजोगाईच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना सुऱ्या जमवायचा नाद लागला. अकरा सुऱ्या घरी काचेच्या कपाटात नांदत होत्या आणि त्यातल्या एकीनंही आजवर साधी काकडी कापली नव्हती. बारावी मात्र त्यांना हातानं घडवलेली हवी होती, न मिटणारी, म्यानात राहणारी. महिनाभर मोबाईलवर पोलादाचे प्रकार वाचून झाल्यावर एका सकाळी त्यांनी मांजरसुंब्याची एसटी धरली.

तिथं एका ढाब्यामागं सत्तारभाईंची भट्टी होती. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून ते सुऱ्या घडवायचे. पाहुणा आला म्हणून त्यांनी गोणपाट झटकलं आणि दोन सुऱ्या त्यावर ठेवल्या. एकीचं पातं आरशासारखं, मूठ शिंगाची, गुळगुळीत, टोकाला पितळी टोपी. दुसरीच्या पात्यावर भट्टीतला काळेपणा तसाच होता आणि मूठ बाभळीची, खरबरीत.

रामप्रसादांनी पहिली उचलली ती खाली ठेवलीच नाही. उन्हात धरून पाहिली, पात्यात मिशी पाहून घेतली. मग वाचलेलं सगळं त्यांनी सत्तारभाईंना ऐकवलं. सत्तारभाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि घाई करू नका, दोन्ही हातात खेळवून बघा, एवढंच सांगितलं.

जवळच बाभळीखाली बायडाबाई बसल्या होत्या. त्यांची शेरडं ढाब्याच्या कडेनं चरत होती. त्यांच्या रोजच्या सुरीची मूठ फुटली होती. ती बदलून घ्यायला त्या आल्या होत्या आणि सुरीचं नुसतं पातं सत्तारभाईंच्या पकडीत अडकवलेलं होतं.

तेवढ्यात एक करडू घुसमटल्यासारखं ओरडलं. ढाबेवाल्यानं रोपांभोवती नायलॉनची जाळी लावली होती. पाल्याच्या लोभानं करडानं त्यात मान घातली, मग सुटायला गरागरा फिरलं आणि दोरी गळ्यात रुतली. बायडाबाई धावल्या. रामप्रसादही हातातली सुरी घेऊन धावले आणि त्यांच्या आधी पोचले.

त्यांनी दोरीखाली पातं घातलं. पण घामेजल्या हातात ती गुळगुळीत मूठ फिरली आणि पातं आडवं झालं. पुन्हा धरली, पुन्हा फिरली. करडाची जीभ बाहेर आली होती. रामप्रसादांना वाटलं, आता जोर केला तर दोरीऐवजी मानच कापली जाईल, आणि ते थिजले.

मागून सत्तारभाईंनी काळी सुरी बायडाबाईंच्या हातात दिली. बायडाबाईंनी रामप्रसादांना खांद्यानं बाजूला सारलं, करडाचं डोकं गुडघ्यात दाबलं, दोन बोटं दोरीखाली घातली आणि पात्याची पाठ करडाकडे ठेवून धार वर ओढली. एक दोरी तुटली, दुसरी तुटली. करडू धडपडत उठलं, शिंकलं आणि परत त्याच जाळीकडं निघालं. बायडाबाईंनी त्याला एक चापट दिली.

रामप्रसाद ओशाळून उभे होते. आपलं चुकलंच, असं ते पुटपुटले.

"तुमचं कावून चुकंल, गुरुजी?" बायडाबाई म्हणाल्या. "मूठ चुकली. सुरी घ्यायची तर हात वला करून धरायची. मंग कळतंय ती आपली हाय का न्हाई."

सत्तारभाई हसले. पितळी टोपीची सुरी लोकांनी मागितली म्हणून त्यांनी बनवली होती आणि लोक ती भिंतीला लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. काळ्या सुरीचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं त्यांनी दाखवलं. मूठ मुद्दाम खरबरीत ठेवली होती. रामप्रसादांनी बादलीत हात बुडवला आणि ती सुरी धरली. मनगट वळवलं, झटका दिला. ती हलली नाही. वजन बोटांच्या बुडाशी बरोबर तोलून राहिलं.

"हीच देता का?" त्यांनी विचारलं.

"देतो, पण एका अटीवर," सत्तारभाई म्हणाले. "नायलॉननं धार जरा उतरली हाय. ती तुमी लावायची."

मग दुपार धार लावायच्या दगडावरच गेली. पातं किती तिरकं धरायचं, ते सत्तारभाईंनी दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा नुसतं बघत बसले. पहिल्या तासात रामप्रसादांनी होती ती धारही घालवली. परतीची एसटी गेली. बायडाबाईंची नवी मूठ बसून झाली, तरी त्या गंमत बघत थांबल्या होत्या. अखेर चारच्या सुमाराला त्या धारेवर कागदाची पट्टी आवाज न करता दोन झाली.

सत्तारभाईंच्या घरून सुरैयाभाभींनी खरबूज पाठवलं. ते सत्तारभाईंनी रामप्रसादांपुढं ठेवलं. रामप्रसादांनी गोणपाटावर मांडी घातली, फोडी करायला घेतल्या आणि पहिली बायडाबाईंना दिली. फोडी जाडबारीक होत होत्या. पात्यावरून रस मुठीपर्यंत ओघळला, तो त्यांनी इस्त्री केलेल्या रुमालानं पुसला.

"दुसरी फोड जरा मोठी कापा," बायडाबाई म्हणाल्या.