पळसाची पानं

"आई, जहाज बंदराला लागलंय. आज सुट्टी हाय. डोंगरात धबधबा बघाया चाललोय," विपुल फोनवर सांगत होता.

"परक्या मुलखात पान्यात उतरू नको रं," शकू म्हणाली.

नागूने तिच्या हातून फोन घेतला. "जाऊ दे गं त्याला. जहाजावर नुसती भांडीच घासतोय पोर. बघून ये रं, आन मला फोटो धाड."

नागू कोंडाण्याचा. लेणी बघायला येणाऱ्यांना वाट दाखवण्यात त्याचा जन्म गेला. स्वतः मात्र तो कधी कुठे काही बघायला गेला नव्हता. पोरगा पर्यटकांच्या जहाजावर लागला आणि थेट कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिका बेटावर पोचला.

फोटो आले. डोंगरातलं वाफाळतं तळं, माणसाहून उंच नेचे, दोन कड्यांवरून कोसळणारं पाणी. नागूने ते अख्ख्या आळीला दाखवले.

दुसऱ्या दिवशी जहाजावरून फोन आला. वर डोंगरात पाऊस झाला होता, लोंढा अचानक खाली आला. बरोबरचे दोघे खडकावर चढले. विपुल वाहून गेला. पुढे नदी समुद्रालाच मिळते, असं तो माणूस हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

आठवड्याने शोध थांबला.

भाऊबंद म्हणाले, विधी उरकून घ्या. शकू ऐकेना. "देह गावला नाय, मग गेला कसा म्हनता? पडला आसंल रानात कुठंतरी. तिथली बोली येत नाय त्याला." ती रोज त्याचा नंबर लावी.

एका दुपारी नागू म्हणाला, "मीच बोललो गं त्याला, बघून ये म्हनून."

 त्या दिवसापासून शकूने नंबर लावायचं सोडलं. दिवाळी सरल्यावर तीच म्हणाली, "करा काय करायचं ते."

देह नसला की पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. नदीकाठी भटजींनी पानं मांडली, डोकं, हात, पाय केले, दोऱ्याने बांधले. नागू पेटती चूड घेऊन पुढे झाला.

"थांबा."

बायका स्मशानात येत नाहीत. शकू आली होती. ती खाली वाकून पानांच्या पायांकडे बघत राहिली.

"आखूड झालाय वो. माझा विपुल उंच हाय."

 नागूने चूड शेजारच्याच्या हाती दिली आणि आणखी पानं तोडायला गेला.