डाव्या हाताचं पाणी

बहात्तर सालच्या चैत्रात कानिफनाथ काष्टीहून जामखेडला बहिणीकडं आला. सासूसमोर राहीबाईनं हसून पाण्याचा तांब्या पुढं केला, पण डाव्या हातानं. भावाला असं पाणी देतात व्हय? तो रागानं बोलणार, तोच बहिणीची नजर स्वतःच्या पदराखाली झाकलेल्या उजव्या हाताकडं गेली आणि तिथंच थिजली. त्यानं तांब्या हातात घेतला. सासू उंबऱ्यातून हलेना.

घरी आई ठणठणीत होती, तरी तो अडखळत म्हणाला, "आई लई आजारी हाय. हिला चार दिस न्यायला आलोय."

सासू उंबऱ्यातून बाजूला झाली. मग म्हणाली, "जा."

एस्टी गावाबाहेर पडली. राहीबाई डाव्या मुठीत त्याचा सदरा घट्ट धरून बसली होती. आईला काय झालंय, हे तिनं विचारलंच नाही.