तुळसाबाईच्या वावरातला पाईप

जहीर मिस्त्रीनं दुरुस्त केलेल्या एका पंपानं एवढं पाणी खेचलं की अरुणावती नदीतले मासे तुळसाबाईच्या विहिरीत येऊन पडले. आर्णीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण जहीर ती सगळ्यांना स्वतःच सांगत असे.

कपाशीचे ते वाईट दिवस होते. त्यात पावसानं महिनाभर दडी मारलेली. संशोधन केंद्रातल्या शीला मॅडमनी जहीरला ॲल्युमिनियमचा पाच फुटी पाईप दिला आणि तुळसाबाईच्या वावरात उभा गाडायला सांगितला. त्यात यंत्र सोडून जमिनीतली ओल मोजायची होती.

पाईप पाहून जहीरचा जीव खालीवर झाला. असा सरळ, हलका, चकचकीत माल मातीत पुरायचा? त्यानं गाडला तेवढ्याच जाडीचा प्लास्टिकचा पाईप. वर दिसायला वीतभर ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला आणि उरलेला नेऊन घराच्या छपरावर टीव्हीच्या ॲन्टेनाला लावला. तेव्हापासून चित्र इतकं साफ दिसायचं की परवा षटकार बसला तेव्हा चेंडू चुकवायला त्याच्या बायकोनं, कमरुन्निसानं, डोकं खाली घातलं.

मोजणीच्या दिवशी मॅडम यंत्राची जड पेटी घेऊन आल्या. जहीरनं ती उचलून पाहिली. "आतमध्ये शिसं असन ना, मॅडम?"

"नाही, मेण. यंत्रातून न्यूट्रॉन नावाचे बारीक कण निघतात. शिशातून ते आरपार जातात, पण हायड्रोजनला धडकले की थकतात. मेणात हायड्रोजन भरपूर, पाण्यातही. जमिनीत ओल असली की थकलेले कण परत येतात, ते आपण मोजायचे."

यंत्र आधी पेटीतल्या मेणातच तपासलं. आकडा बरोबर आला. मग पाईपात सोडलं. एक फूट, दोन फूट, तीन फूट. मॅडमचा चेहरा उतरला.

"मावशी, खालपर्यंत कोरडं आहे."

तुळसाबाई वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली होती, ती उठली. "मंग कायची वाट पाहू? भावसिंग, बैल आण बापा. पऱ्हाटी मोडून टाकू, हरभऱ्याचं पाहू."

तिचा सालदार भावसिंग बैल सोडायला निघाला. कपाशीच्या त्या पऱ्हाटीला हिरवी बोंडं लटकत होती. जहीरनं एका बोंडाला बोट लावलं आणि उगाच विचारलं, "मॅडम, पाईपानं काही फरक पडते का?"

"पडतो ना. ॲल्युमिनियम त्या कणांना जणू दिसतच नाही. हा प्लास्टिकचा असता, तर त्यातलं क्लोरीन थकलेले कण गिळून बसलं असतं. ओल असूनही यंत्र कोरडंच म्हणालं असतं."

आता जहीरला जो घाम फुटला, तो पाईपाजवळ सांडला असता तर यंत्रानं पूर आल्याचं कळवलं असतं. गप्प राहिला तर मिस्त्रीपणाचं नाव शाबूत होतं. पण तिकडे भावसिंगनं बैल जुंपायला घेतले.

"थांब रे भावसिंग!" जहीर ओरडला आणि पाईपाचा वरचा ॲल्युमिनियमचा तुकडा उपटून हातात धरला. खालून प्लास्टिक उघडं पडलं.

तुळसाबाई वाकून पाहत म्हणाली, "काहून केलं रे असं?"

"प्लास्टिक सडत नाही, मावशी, म्हणून…"

"खरं बोल."

"मॅच."

मॅडमनी वहीतले सगळे आकडे खोडले. जहीरला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. तो सायकल हाणत घरी गेला, छपरावर चढला. खालून कमरुन्निसा ओरडली, "अजी, आत्ताच कायले काढता? दोन ओवर राह्यल्या!"

"तुळसाबाईची पऱ्हाटी राह्यली पायजे!"

वावरात परत येऊन त्यानं प्लास्टिकचा पाईप उपटला आणि त्या जागी ॲल्युमिनियमचा बसवून, चारी बाजूंनी माती ठोकून तो दूर उभा राहिला. पहिला फूट कोरडाच. दुसऱ्याला आकडा हलला. तिसऱ्याला मॅडमनी दोनदा मोजलं.

"मावशी, खाली ओल आहे. मुळं तिथवर गेलीत. पंधरा दिवस तरी पऱ्हाटी दम धरेल."

"तवरिक येईन पाणी," म्हणत तुळसाबाईनं भावसिंगला हात हलवून परत पाठवलं. जहीर प्लास्टिकचा पाईप खांद्यावर टाकून हळूच सटकत होता.

"ए मिस्त्री," ती म्हणाली, "मॅच ऐकाची असन तं माह्या घरी ये. माह्याकडे रेडिओ हाये. त्याले पाईप लागत नाही."