बदलीचे घोडे

दुपारी ते दोघे आले तेव्हा मी कुंपणाशी उभी होते. पुढे हायरम, माझा थोरला भाऊ. मागे धाकटा लाइल, खोगिराला दोन्ही हातांनी धरून बसलेला. नऊ वर्षं मी हेच पाहत आले होते. बँक कुठेही लुटलेली असो, घोडे थकायचे ते आमच्याच दारात. माझं काम एवढंच की खिंडीच्या तोंडाशी आमच्या पागेत दोन ताजे घोडे तयार ठेवायचे. त्यांना तीन आठवडे आधीपासून ओटचे दाणे घालायचे, नुसत्या गवतावर ठेवायचे नाहीत. गवतावरचा घोडा दहा मैलांत फेसाने पांढरा होतो.

आज पागेत ताजा घोडा एकच होता.

"दुसरा कुठाय, ड्रू?" हायरमने उतरायच्या आधीच विचारलं.

"काल एक जण आला होता. त्याचा घोडा दमला होता. बदलून मागितला, मी दिला."

"कोण होता?"

"विचारलं नाही."

आमच्या भागात दारी आलेल्याचं नाव विचारत नाहीत. त्याला जेवू घालायचं, दमलेला घोडा ठेवून घ्यायचा, ताजा द्यायचा. परतीच्या वाटेवर पुन्हा अदलाबदल. या रीतीवरच माझे भाऊ आजवर जगले होते.

हायरम पागेत गेला. पाहुण्याने सोडलेल्या तांबड्या घोड्याचं तोंड धरून उजेडाकडे वळवलं.

"कपाळावरची ही वाकडी चांदणी पाहिलीस? मंगळवारी हा कोर्टाबाहेर बांधलेला होता. शेरीफच्या माणसाचा आहे." मग थांबून म्हणाला, "खायला काय घातलंस त्याला?"

"घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, मक्याची भाकरी."

"वर काकवी?"

"हो."

"वा! म्हणजे पोटभर जेवून, माझ्याच घोड्यावर बसून खिंडीत वाट बघतोय तो आमची."

"मला कधी एवढं वाढलं नाहीस गं," लाइल खोगिरावरूनच म्हणाला. हसला, आणि घसरला. आम्ही दोघांनी त्याला झेललं.

गोळी मांडीत होती, चार दिवसांची. फडकं सोडलं तेव्हा वास आला. जखमेपासून जांघेकडे एक लाल रेघ निघाली होती. तिच्या टोकाशी मी कोळशाने खूण केली आणि तासाभराने पुन्हा पाहिलं. रेघ खुणेच्या बोटभर पुढे गेली होती; विष वर चढत होतं. मी ते हायरमला दाखवलं. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"खिंड नको. कड्यावरची वाट मोकळी आहे," तो म्हणाला.

"हा तिथून जिवंत जाणार नाही."

"माहीत आहे."

"डॉक्टर गावात आहे. वीस मैल."

"गावात फाशीचा दोरही आहे, ड्रू."

"लाइलसाठी नाही. बँकेच्या पहारेकऱ्याला त्याने नाही मारलं. याला चार-पाच वर्षांची कैद होईल."

"आणि मला?"

हायरमने कॉफी ओतून घेतली, पण प्यायला नाही.

"तू कड्यावरून जा," लाइल भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "ड्रू नेईल मला गाडीतून. उगाच साधुपणा करू नकोस, तुला शोभत नाही."

"गाडीला जुंपणार काय? तुझी जीभ?" हायरम म्हणाला.

तो खरं बोलत होता. माझ्या गाडीच्या घोड्यांची जोडी फेब्रुवारीच्या बर्फात मेली होती. ते दोघे ज्या घोड्यांवर आले ते उभ्या जागी थरथरत होते. तांबडा रात्रभर विसावला होता, आणि त्याच्या खांद्यावर पट्टा घासून उगवलेले पांढरे केस होते, म्हणजे गाडी त्याला नवी नव्हती. पण गावाच्या वाटेवरचा वाळूचा चढ गाडी एका घोड्याने चढत नाही. उरला ताजा काळा. त्याने जन्मात गाडी ओढली नव्हती, आणि हायरमशिवाय कुणाला डोक्याला हात लावू देत नसे. मी एकदा लावला होता. माझ्या डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही.

हायरम बाहेर गेला. खिडकीतून मला दिसलं, त्याने काळ्यावर खोगीर टाकलं, तंग आवळला, पिशव्या बांधल्या. मी त्याला हाक मारली नाही. मला वाटलं, जाऊ दे, एक तरी वाचेल. खरं सांगायचं तर काही वाटण्याइतकी ताकदच उरली नव्हती.

रिकिबीत पाय घालून तो तसाच उभा राहिला, घोड्याच्या पाठीवर कपाळ टेकून. मग पाय काढला आणि तंग सैल केला.

"ड्रू! गाडीचे पट्टे कुठे टांगलेत?"

काळ्याने दोन लाथा झाडल्या, एक फळी फोडली. अर्ध्या तासाने तो तांबड्याशेजारी उभा राहिला, घामाने भिजलेला. लाइलला आम्ही गाडीत गवतावर निजवलं. तो हायरमला शिव्या देत होता आणि रडत होता. मी बैठकीवर बसून लगाम घेतले. हायरम काळ्याच्या तोंडाशी गेला.

"वीस मैल चालणार?" मी विचारलं.

"मी सोडलं तर हा गाडी उलटवेल."

"हायरम..."

"झोप आलीय गं फार. बोलू नकोस."

वाळूच्या चढावर गाडी थांबली. तांबडा एकटाच ओढत होता, काळा नुसता मान उडवत होता. हायरम त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिला. शेवटी काळ्याने खांदा पट्ट्यात घातला आणि ओढलं. चाकं फिरली. चढावरून गावाकडची वाट दिसते. हायरमने तिकडे पाहिलं, टोपी पुढे ओढली आणि घोड्याबरोबर चालत राहिला.