जोब्बोचं तळं

तरसावर बसून जोब्बोनं एक अख्खा दुष्काळ ओलांडला होता. वादळात उडालेली त्याची टोपी पुढच्या साली एका उंटिणीनं स्वतः आणून दिली होती. आणि काळ्या खडकांच्या पलीकडे, जे तळं ऐन उन्हाळ्यातही आटत नाही, तिथल्या बगळ्यांनी त्याची दाढी कोरून दिली होती. वाळवंटाच्या कडेला, अबालाकच्या माळावर, त्याची गुराख्यांची वस्ती जिथे उतरेल तिथे चहाच्या तिसऱ्या पेल्याबरोबर या गोष्टी निघायच्या, आणि लोक हसून हसून पेले सांडायचे.

वस्तीचा म्होरक्या अर्डो गादो मात्र म्हणायचा, "तळं खरं असेल, तर दावणीवर हात ठेव."

वासरांच्या दावणीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नसे. बोललं तर गाईंचं दूध जातं, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. नेमका तेव्हाच जोब्बोचा गुडघा धरायचा, किंवा नमाजाची वेळ व्हायची.

खरी पंचाईत वेगळीच होती. तरणा असताना चारापाणी हेरायला तो खडकांपलीकडे गेला होता खरा, पण अंगात सणसणून ताप होता. पाणी प्यायल्याचं आठवत होतं. परत आल्यावर त्यानं गोष्टीत बगळे घातले, पुढच्या साली वस्तरा. इतकी भर पडली की आता त्याचं त्यालाच कळेना, तळं पाहिलं होतं की तापात दिसलं होतं.

यंदा विहिरीतून नुसता गाळ वर येऊ लागला. दक्षिणेच्या विहिरींवर इतके कळप जमले होते की पाळी येईस्तोवर गाय आडवी व्हावी. उत्तरेला काही आहे की नाही, कुणास ठाऊक. गाई एकदाच कुठेतरी चालू शकतील, परत फिरायची ताकद त्यांच्यात नव्हती.

अर्डोनं हब्सूला फोन लावला. ही जोब्बोची नात. शहरातल्या कचेरीत उपग्रहाची चित्रं बघून गुराख्यांना गवतपाणी कळवायचं, हे तिचं काम. ती म्हणाली, उत्तरेवर धुळीची चादर आहे, खालचं काही दिसत नाही.

"मग एवढ्या उंचावर बसून करतो काय तो?" अर्डो वैतागला.

"आजचं दिसत नाही, अर्डोबाबा. पण माझी आई जन्मायच्या आधीपासून हे उपग्रह बघतायत. एक थकला की दुसरा त्याच कामाला लागतो. गाय गेली तरी कळप राहतो ना, तसं. जुनं सगळं जपलेलं आहे."

जोब्बोच्या बायकोनं, ताकोनं, फोन हिसकावला. "मग तुझ्या आजाचं तळं शोध गं बाई. हयात गेली माझी ते ऐकण्यात."

जोब्बोला तेवढ्यात उंटाच्या पायात काटा दिसला. फोन पुन्हा वाजेपर्यंत तो उंटाआडून हलला नाही.

"आजा," हब्सू म्हणाली, "तळं आहे."

"कुठलं?"

"तुझंच. वाईट सालांतही, भर उन्हाळ्यात, खडकांमागे काळा ठिपका दिसतोय. कधी लहान, कधी मोठा, पण आहे. फक्त यंदाचं मी सांगू शकत नाही."

"मग मी काय सांगत होतो?" जोब्बो म्हणाला. पण ते जरा उशिरा म्हणाला, आणि ताकोच्या नजरेतून ते सुटलं नाही.

सगळे जोब्बोकडे बघत राहिले. मग कुणी न सांगताच म्हातारा लंगडत दावणीपाशी गेला आणि त्यानं तिच्यावर हात ठेवला.

"तिथलं पाणी मी प्यायलोय. यंदा आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण कळपाच्या पुढे मी चालेन."

इतकं साधं बोलणं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. बहुधा त्यामुळेच वस्ती उठली.

वाटेत धूळ डोळ्यांत जात होती, आणि तो एकही गोष्ट सांगत नव्हता. लोकांना त्याचीच जास्त धास्ती वाटू लागली. शेवटी खडक दिसायच्या आधीच पुढच्या गाईनं नाक वर केलं, कान टवकारले आणि म्हाताऱ्याला ढकलून ती पळत सुटली. मागोमाग सगळा कळप.

गोष्टीतल्यापेक्षा तळं बरंच लहान होतं, काठाला चिखल होता. पण पाणी होतं. काठावर दोन बगळे उभे होते. त्यांनी जोब्बोच्या दाढीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

ताको भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरता भरता म्हणाली, "आता तरसाचंही विचारू का हब्सूला?"

"विचार की," ओंजळ तोंडाशी नेत जोब्बो म्हणाला. "पण त्या दिवशी फार धूळ होती."